महादेवाचे डोंगर कोणीं शोधिले?



श्रावणांत नागपंचमी जवळ आली म्हणजे नागपुरांतून यात्रेकरूंच्या गाड्या पचमढीकडे निघूं लागतात. आमच्या मनीषनगरांतलींही कांहीं कुटुंबें नेमानें जातात. सारी नोकरी संपेपर्यंत माझें मात्र तिकडे जाणें झालें नव्हतें. पचमढीचा शोध १८५७ सालीं कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यानें लाविला, एवढेंच वर्गांत मुलांना सांगत आलों.

निवृत्त झाल्यावर एका श्रावणांत ती वाट चाललों. धूपगडाच्या बाजूनें उतरावयाचें, ओढे ओलांडावयाचे, पुन्हां चढावयाचें, असा तो दिवसभराचा प्रवास आहे. पायांखालीं बालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड. प्राचीन नद्यांनीं आणून टाकलेल्या वाळूचे थर दबून कोट्यवधि वर्षांपूर्वीं तो बनला. हात फिरविला तर आजही त्याचे कण बोटांस लागतात. आणि पावसांत त्या उघड्या कातळावर पाऊल ठरत नाहीं. (तेथें साध्या चपला घालून चालणारे धन्य होत!) या प्रदेशांतील अशा खडकांच्या समूहाला गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ हें नांव पडलें, आणि पुढें तेंच एका लुप्त महाखंडास मिळून जगभर गेलें. नागद्वार ही त्याच दगडांतील चिंचोळी, अंधारी गुहा. रांगेंत माझ्यापुढें एक वृद्ध बाई होत्या. बोलतां बोलतां म्हणाल्या, “माह्या आजीची आजी बी याच वाटेनं येत होती, गुरुजी.”

मनांत पिढ्यांचा हिशेब केला, तो थेट फॉर्सिथच्या काळाजवळ जाऊन पोंचला. परंतु ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून घरीं आल्यावर पुस्तकें काढलीं.

सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्यें झाली. पुढें पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रज अलाहाबादेकडे नेत असतां, १८१८ च्या मे महिन्यांत ते शिपायाच्या वेषांत निसटले आणि याच महादेव डोंगरांत गोंडांच्या आश्रयास राहिले. इंग्रजी फौजा त्यांच्या मागावर होत्या. १८१९ च्या फेब्रुवारींत ते असीरगडाकडे गेले. त्यांचा शेवट १८४० सालीं जोधपूरास झाला. म्हणजे ज्या डोंगरांत एका राजानें आसरा घेतला, ते चाळीस वर्षांनंतर ‘सांपडले’!

खुद्द फॉर्सिथचें पुस्तक १८७१ सालीं निघालें. त्यांत तो स्वतःच महादेवाच्या देवस्थानाचें आणि तेथील यात्रेचें वर्णन करतो. जेथें यात्रा भरते तें ठिकाण हरवलेलें कसें असेल? याहूनही जुनी साक्ष खडकांवरच आहे. गॉर्डन आणि हंटर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अभ्यासिलेल्या येथील गुहाचित्रांत शिकारी आहेत, मध काढणारीं माणसें आहेत.

फॉर्सिथला कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. १८६२ मध्यें त्यानें येथें घर बांधलें, जंगलांची पाहणी केली; मध्यप्रांत सरकारची उन्हाळी राजधानी पचमढीस गेली ती त्यानंतर. सरकारच्या दृष्टीस हें पठार त्यानें आणिलें, असें अवश्य म्हणावें. परंतु गोंड व कोरकू जेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, तेथें ‘शोध’ म्हटल्यानें नुसती भाषेची चूक होत नाहीं. जागेचा धनी कोण, याचाही निकाल आधींच लागून जातो. आज तें रान व्याघ्रप्रकल्पांत आहे, आणि नागद्वारची वाट वर्षांतून थोडे दिवसच उघडते.

मागें एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. त्याला मीं हें सारें सांगितलें आणि आपली चूक कबूल केली. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, मी परीक्षेंत फॉर्सिथचें नांव लिहिलें नव्हतें, तेव्हां तुम्हीं माझे दोन गुण कापले होते.”