देवाचे भय आणि देवाचे दर्शन

बीड जिल्ह्यातील आमच्या खेड्यांत दृढीकरण संस्काराची तयारी करून घेताना पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी शेवटच्या दानापाशी आम्ही नेहमी अडतो. 'देवाचे भय' हे दान कसे? पाऊस ओढ देतो तेव्हा देव कोपला असे समजणाऱ्या, मुलाबाळांसह ऊसतोडीला निघणाऱ्या माणसाला भय निराळे काय शिकवावे?

ह्या अडचणीत आम्हांला यहुदी गूढवाद्यांचा मोठा आधार वाटतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस, आपल्याकडे 'ज्ञानेश्वरी' (१२९०) सिद्ध झाली त्याच सुमारास, स्पेनमधील कास्तील प्रांतात 'जोहार' हा ग्रंथ पुढे आला. त्यात भयाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मुले, देह व धन यांवर संकट येईल म्हणून भिणे हा एक. परलोकीच्या शिक्षेला भिणे हा दुसरा. ही दोन्ही भये मूळ भय नव्हेत. देव महान आहे, सर्व विश्वाचे मूळ आहे, त्याच्यापुढे सारे शून्यवत् आहे, हे उमगून मनुष्य नम्र होतो ते खरे भय. संत थॉमस अक्विनास यांनीही त्याच शतकात दासाचे भय आणि पुत्राचे भय असा भेद केला होता.

हिब्रूत 'यिरा' म्हणजे भय आणि 'राआ' म्हणजे पाहणे. धातू निराळे, पण ध्वनी इतका जवळचा की यहुदी पंडित त्यांची सांगड घालीत आले. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहामाचे देवभय प्रकट होते आणि लगेच तो त्या स्थळाला 'परमेश्वर पाहतो' अशा अर्थाचे नाव देतो. भय आणि प्रीती हे प्रार्थनेला वर नेणारे दोन पंख, असेही ह्या परंपरेत म्हटले आहे.

हे सारे ग्रंथांतरीचे वाटेल. परंतु आपल्याच कोकणात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले मराठीभाषक बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू ग्रंथांवाचून राहिले. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते १७९६ साली. तोवर त्यांच्यापाशी उरली होती ती मुख्यत्वे 'शमा' ही प्रार्थना. ती सुंतेच्या वेळी, विवाहात आणि मृत्युसमयी म्हटली जाई. देव एकच आहे हे ऐकण्याची ती आज्ञा. तिच्यालगत अनुवाद ग्रंथात प्रीतीची आज्ञा येते, आणि भयाची आज्ञा काही ओळींनंतर. प्रभू येशूनेही सर्वांत मोठी आज्ञा म्हणून हीच सांगितली.

म्हणून अलीकडे आम्ही मुलांना सातवे दान शिकवताना नरकाचे चित्र दाखवीत नाही. अब्राहामाची गोष्ट सांगतो, आणि त्या डोंगराला त्याने कोणते नाव दिले ते त्यांनाच विचारतो.