शून्याच्या खाली गेलेला काटा: जुनं कंट्रोल पॅनल साधन म्हणून कसं वाचायचं

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्याला दफ्तर, पत्रव्यवहार, अहवाल आठवतात. उद्योगांच्या किंवा तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचा विचार असेल, तर या यादीत आणखी एक वस्तू घाला: वीज केंद्राचं किंवा कारखान्याचं जुनं कंट्रोल पॅनल. ते कसं वाचायचं, ते आज बघू या.

आपल्या नागपूरजवळचं उदाहरण म्हणजे कोराडी. 1974 ते 1976 या काळात इथे 120 मेगावॉटचे चार संच सुरू झाले. 1978 मध्ये 200 मेगावॉटचा पाचवा आला, तर 1982 आणि 1983 मध्ये 210 मेगावॉटचे सहावा आणि सातवा. तेव्हा केंद्र महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं होतं. 2005 मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि ते महानिर्मितीकडे गेलं. पहिले चार संच आता बंद झाले आहेत. सहाव्याच्या नूतनीकरणासाठी जागतिक बँकेचं अर्थसाहाय्य आलं. 2015 ते 2017 दरम्यान 660 मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले. म्हणजे काटे आणि दिव्यांच्या काळापासून संगणकाच्या पडद्यापर्यंतचा सगळा प्रवास या एका गावाच्या हद्दीत घडला.

त्या जुन्या पिढीच्या नियंत्रण कक्षात काय असायचं? भिंतीसारखं उभं पॅनल आणि त्याच्या पुढे डेस्क. पॅनलवर काट्यांचे मीटर आणि कागदावर शाईने रेघ ओढणारे रेकॉर्डर. वरच्या बाजूला अलार्मच्या छोट्या चौकोनी खिडक्यांची रांग, तिला 'फेशिया' म्हणतात. बिघाड झाला की खिडकी लुकलुकते आणि हूटर वाजतो. डेस्क इंजिनियरने बटण दाबून अलार्म स्वीकारला की हूटर थांबतो, दिवा मात्र स्थिर जळत राहतो. बिघाड दूर झाल्यावर रीसेट केलं की तो विझतो. पंपाच्या स्विचवर दोन दिवे असतात, लाल आणि हिरवा. आपल्याकडच्या वीज केंद्रांतली रूढ पद्धत अशी, की लाल म्हणजे पंप चालू आणि हिरवा म्हणजे बंद. रस्त्यावरच्या सिग्नलची सवय असलेल्याला हे उलटं वाटेल. पण विजेचं काम करणाऱ्याच्या दृष्टीने 'चालू' म्हणजेच 'हात लावू नकोस'. दिव्याच्या रंगातसुद्धा एका व्यवसायाची विचार करण्याची पद्धत साठलेली असते, ती अशी.

आता मुख्य मुद्दा. मीटरचा काटा आपल्याला बॉयलरमधलं काही दाखवतो का? खरं तर नाही. तो फक्त त्याच्यापर्यंत आलेल्या तारेत किंवा नळीत काय आहे, ते दाखवतो. बॉयलरपासून काट्यापर्यंत बरंच अंतर असतं, आणि पॅनलचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या अंतरावर विश्वास कसा ठेवायचा, याचाच इतिहास आहे.

सुरुवातीला संदेश हवेच्या दाबाने जायचा, 3 ते 15 पीएसआय या मर्यादेत. पुढे विजेचा प्रवाह आला, 4 ते 20 मिलिअँपिअर. मापाचा शून्य म्हणजे 4, मधला बिंदू 12, कमाल 20. सुरुवात 0 पासून का केली नाही? कारण तार तुटली तर प्रवाह 0 होतो. मापाचा शून्यही 0 वर ठेवला असता, तर 'टाकी रिकामी आहे' आणि 'तार तुटली आहे' या दोन गोष्टी पॅनलवर सारख्याच दिसल्या असत्या. शून्य 4 वर ठेवल्यामुळे तार तुटली की काटा शून्याच्याही खाली जातो. 'किंमत शून्य आहे' आणि 'माहितीच नाही' यांतला फरक असा यंत्रातच बसवला गेला. तुमच्या स्वतःच्या डेटाच्या तक्त्यात रिकामा रकाना आणि 0 तुम्ही वेगळे ठेवता का, हे एकदा तपासून बघा.

हा फरक जिथे बसवला गेला नाही, तिथे काय झालं याचं प्रसिद्ध उदाहरण कोराडीचा पाचवा आणि सहावा संच येण्याच्या मधल्या काळातलं आहे. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनलवरचा त्याचा दिवा मात्र विझला. तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्ह बंद करण्याचा विद्युत संदेश गेला, एवढंच दाखवत होता. ऑपरेटरनी व्हॉल्व्ह बंद झाला असं मानलं आणि दोन तासांहून अधिक काळ पाणी बाहेर जात राहिलं. सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभरहून जास्त अलार्म वाजले होते. त्यातला कामाचा कोणता, हे कळायला मार्ग नव्हता.

म्हणून पॅनल वाचताना त्याची देखभाल वगळून चालत नाही. मोजमाप आणि नियंत्रणाचं काम बघणाऱ्या विभागाला केंद्रात 'सी अँड आय' म्हणतात. फेशियाचा दिवा जळून गेला असेल, तर अलार्म येऊनही खिडकी अंधारीच राहणार. म्हणून 'लॅम्प टेस्ट'चं बटण दाबून सगळ्या खिडक्या एकदम पेटवून बघायच्या. ट्रान्समीटरला 0, 25, 50, 75 आणि 100 टक्के असं माप द्यायचं, आधी चढत्या आणि मग उतरत्या क्रमाने, कारण काही उपकरणं येताना एक आणि जाताना दुसरंच सांगतात. कोळशाची धूळ साफ करायची, टर्मिनल आवळायची. सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, तर बंद पडलेल्या संचातला काढून चालू संचात बसवायचा.

यातलं काही ज्ञान कागदावर येतं, काही येत नाही. बॉयलर ड्रममधल्या पाण्याची पातळी दाबाच्या फरकावरून मोजतात. पाण्याची घनता तापमानाबरोबर बदलते. त्यामुळे पूर्ण दाबाला जुळवलेलं, घनतेची दुरुस्ती नसलेलं उपकरण थंड बॉयलर पेटवताना चुकीची पातळी दाखवतं. हे ज्याला माहीत असतं, तो अशा वेळी काट्यावर विसंबत नाही. ड्रमजवळच्या काचेच्या नळीतली पातळी विचारून घेतो.

मग पडदे आल्यावर हा प्रश्न सुटला का? 1975 मध्ये हनीवेल आणि योकोगावा या कंपन्यांनी संगणकावर आधारित विखुरलेली नियंत्रण व्यवस्था बाजारात आणली. फायदे मोठे होते: मागच्या नोंदी लगेच दिसतात, बदल करायला पॅनल कापावं लागत नाही. पण खिडकीला जागा लागायची, म्हणून अलार्म मोजकेच असायचे. पडद्यावर तो जवळजवळ फुकट झाला. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, त्याआधीच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरपुढे 275 अलार्म आले होते. लिझान बेनब्रिज यांनी 1983 च्या एका निबंधात आधीच मांडलं होतं, की स्वयंचलन जितकं वाढेल तितकं माणसाच्या वाट्याला फक्त अवघड काम उरेल, आणि त्याचा सराव मात्र सुटलेला असेल.

तेव्हा 'जुनं ते चांगलं' किंवा 'जुनं ते मागास' अशा दोन्ही निष्कर्षांची घाई करू नका. कुठल्याही पॅनलसमोर उभे राहिलात तर आधी हे विचारा: हा काटा नेमकं कुठे मोजतो? हा दिवा आदेश दाखवतो की प्रत्यक्ष स्थिती? तार तुटली तर इथे काय दिसेल? आणि यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे कोणाला माहीत आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात तातडीचा आहे. संच बंद झाला की पॅनल भंगारात जातं. लॉगशीट, रेकॉर्डरचे कागद, कॅलिब्रेशनच्या नोंदी रद्दीत जाऊ शकतात, आणि ते सांभाळणारी माणसं निवृत्त होतात. कागद पुढेमागे एखाद्या कपाटात सापडतीलही. पण 'बॉयलर पेटवताना त्या काट्याकडे बघायचं नाही' हे सांगणारा माणूस कपाटात सापडणार नाही. विषय या बाजूचा निवडणार असाल, तर ग्रंथालयाच्या आधी निवृत्त शिफ्ट इंजिनियर आणि तंत्रज्ञांकडे जा. जमलं तर पॅनलचा एखादा फोटो सोबत न्या आणि एकेका मीटरवर बोट ठेवून विचारा.