पालथ्या निजेचा इतिहास : उपाय आणि अपाय

नवी पेठ ही सोलापूरची गजबजलेली बाजारपेठ. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि तिचे नित्याचे व्यवहार थंडावले. एप्रिलमध्ये शहरात कोविडचा पहिला रुग्ण आढळला. पुढील वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, घरी उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली गेल्यास त्याने पालथे निजावे, असा सल्ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिला. घरगुती वापरातील एका साध्या शब्दाला अशा रीतीने वैद्यकीय अर्थ लाभला. परंतु या उपायाचा उगम अतिदक्षता विभागातील आहे, आणि त्याचा इतिहास त्याच्या अपायांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

मराठी घरात मूल पालथे पडू लागले की त्याचे कौतुक होते. कारण ते स्वतःच्या बळावर वळलेले असते. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णापाशी नेमके हेच बळ नसते. निद्रिस्त मनुष्य अवघडला की कूस बदलतो; औषधांनी गुंगीत ठेवलेला रुग्ण ती बदलू शकत नाही, आणि कोठे दुखते हेही सांगू शकत नाही. अपायांचे मूळ येथे आहे.

१९६७ साली ॲशबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र श्वसनविकाराच्या १२ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये पील आणि ब्राउन यांनी अशा ५ रुग्णांना पालथे केले असता प्राणवायूचे प्रमाण सुधारल्याचे नोंदविले. उताण्या स्थितीत सुजलेल्या फुप्फुसाचा व हृदयाचा भार पाठीकडील भागावर पडून तो मिटतो. पालथे केल्यावर तो पुन्हा उघडतो, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे मिळाले.

तथापि प्राणवायू वाढणे म्हणजे प्राण वाचणे नव्हे. गॅटिनोनी यांच्या २००१ च्या ३०४ रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण घटले नाही. गेरँ यांच्या २००४ च्या ७९१ रुग्णांच्या चाचणीतही तेच दिसले. शिवाय दाबाने होणारे व्रण आणि श्वासनलिकेतील नळी तुंबणे हे प्रकार पालथ्या गटात अधिक आढळले. हनुवटी, गाल, छाती व गुडघे येथे व्रण होतात. डोळ्यांना इजा पोचते. खांद्याच्या मज्जातंतूंवर ताण येतो. वळविताना नळी निसटण्याची भीती असते. उपाय सोडून द्यावा, असे म्हणावयास तेव्हा पुरेसा आधार होता.

२०१३ साली गेरँ यांनीच ४६६ रुग्णांची नवी चाचणी प्रसिद्ध केली. या वेळी केवळ गंभीर रुग्ण निवडले होते व त्यांना सलग किमान १६ तास पालथे ठेवले होते. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण उताण्या गटात ३२.८ टक्के, तर पालथ्या गटात १६ टक्के आढळले. दाबाचे व्रण मात्र याही वेळी पालथ्या गटात अधिक होते. म्हणजे अपाय नाहीसे झाले म्हणून उपाय टिकला, असे नव्हे. सहभागी विभागांना या पद्धतीचा पाच वर्षांहून अधिक सराव होता, हीही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

म्हणून घरची पालथी निज आणि यंत्रावरील पालथी निज यांना एकच शब्द असला, तरी त्या एक नव्हेत. पहिलीत रुग्ण स्वतः वळतो; दुसरीत त्याच्या वतीने चार-पाच जणांना वळवावे लागते, एकाने डोक्याशी उभे राहून नळी सांभाळावी लागते आणि ठरावीक वेळाने मान व हात हलवावे लागतात. ज्याला कूस बदलता येत नाही त्याची कूस बदलण्याचे दायित्व इतरांवर येते. या उपायाचे यश त्या दायित्वावर अवलंबून आहे.