जांघेत दुखतंय म्हणजे नेमकं कुठं?

जांघेत दुखतं, या एका तक्रारीमागे डझनभर कारणं असू शकतात, आणि त्या सगळ्यांचं दुखणं चार बोटांच्या जागेत एकमेकांना खेटून जाणवतं. खुब्याचा सांधा, मांडी आत ओढणारे स्नायू, पोटातून मांडीकडे उतरणारा सोअस, जघनाचं हाड, अंतर्गळ, मूत्रमार्गातला खडा, कमरेत दबलेली नस, पायाच्या जखमेमुळे आलेलं अवधान. रुग्ण हात ठेवतो ती जागा मात्र बहुतेकदा एकच. या विषयात नव्याने शिरणारा गोंधळतो, ते साहजिक आहे. मला या विषयाचा लळा लागला तो या गोंधळामुळेच. नीट ऐकलं, दोन्ही बाजू हाताने तपासून ताडून पाहिल्या, की गुंता सुटायला लागतो, आणि त्यासाठी तपासणीचं टेबल सोडलं तर दुसरं काही लागत नाही.

ही पुस्तिका तालुक्याच्या गावी काम करणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी आहे. लिहिताना धर्माबाद डोळ्यांसमोर ठेवलं. इथल्या रुग्णाला मोठी तपासणी सांगितली की तो रेल्वेने नांदेड गाठतो, नाहीतर बासर ओलांडून निजामाबाद. रोजगार बुडतो, पैसे जातात, आणि हाताशी येतो एक अहवाल. त्याचं दुखणं त्या अहवालातल्या शब्दांशी जुळतं का, हे ठरवायला पुन्हा कुणीतरी त्याचा पाय हातात घेऊन पाहावाच लागतो. मग तो आधीच का पाहू नये?

गावाची कामंही या सांध्याशी बांधलेली आहेत. मिरचीच्या हंगामात देठ खुडायला बसलेल्या बायका तासन्‌तास मांडी घालून किंवा उकिडव्या असतात. शाळेच्या मैदानावर खो-खोची साखळी बसते. आठ जण चौकोनात चवड्यांवर, खो मिळाला की त्याच दबलेल्या स्थितीतून वळून धाव. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून मराठवाड्यातल्या मुली या खेळाकडे वेगळ्या नजरेने बघतात. खुबा पूर्ण वाकवून त्यात पीळ द्यायचा, हे या खेळात क्षणाक्षणाला घडतं.

अशाच स्थितीत हाडाला हाड अडतं, म्हणजेच इम्पिंजमेंट होतं. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याखाली मान असते. तिथला खोलगट भाग भरून आलेला असेल तर त्याला कॅम म्हणतात, वाटीची कड पुढे आलेली असेल तर पिन्सर. पुष्कळांत दोन्ही असतात. वाकवताना ही हाडं एकमेकांना भिडतात आणि मधली लॅब्रम, म्हणजे वाटीच्या काठाला लावलेली कूर्चेची झालर, चेंगरते. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९३६ सालीच अडणारी कड काढण्याची शस्त्रक्रिया नोंदवली होती, पण ती मागे पडली. बर्नचे राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशेहून अधिक खुबे शस्त्रक्रियेत उघडून पाहिल्यावर २००३ साली लिहिलं, की तरुणपणीचं हे अडणं पुढच्या झिजेचं एक कारण आहे. त्या निबंधानंतर हे क्षेत्र झपाट्याने वाढलं. जरा जास्तच झपाट्याने, असं माझं मत आहे. फोटोत कॅम दिसला की दुखण्याचं कारण सापडलं, असं मानण्याची घाई झाली. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या प्रतिमा तपासणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २०१५ साली आला. त्यांतल्या सुमारे ३७ टक्के खुब्यांत कॅम होता.

म्हणून २०१६ चा वॉरिक करार मला मोलाचा वाटतो. त्याने सांगितलं, की इम्पिंजमेंटचं निदान करायला लक्षणं, तपासणीतल्या खुणा आणि प्रतिमा ही तिन्ही जुळावी लागतात. त्याआधी, २०१४ साली दोहाला जमलेल्या तज्ज्ञांनी खेळाडूंच्या जांघदुखीची नावं ठरवली होती: मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंची, सोअसची, जांघेतल्या नळीच्या परिसराची आणि जघनाच्या हाडाची. खुब्याचं दुखणं त्यांनी वेगळं ठेवलं. यातली पहिली चार ओळखायची ती दाबून आणि, जिथे स्नायूचा संबंध आहे तिथे, विरोध देऊन. गुडघ्यांमध्ये मूठ ठेवून रुग्णाला ती आवळायला सांगा. ओळखीची कळ आतल्या स्नायूंच्या मुळाशी उठली आणि दाबल्यावरही तिथेच दुखलं, तर उत्तर बऱ्याच अंशी मिळालं.

खुब्यासाठी सगळ्यांना माहीत असलेली चाचणी फॅडिर. रुग्ण पाठीवर झोपलेला, खुबा ९० अंशांत वाकवलेला, गुडघा आत, पाऊल बाहेरच्या दिशेला. दुखलं नाही तर इम्पिंजमेंटची शक्यता पुष्कळ कमी होते. दुखलं, तर त्यातून एवढंच कळतं, की सांधा चिडलेला असू शकतो. हा फरक शिकवताना मी फार हट्टी होतो. फेबर चाचणीत पाय दुमडून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवतात, म्हणजे जवळजवळ आपली मांडी. त्यात पुढे जांघेत दुखलं तर खुबा, मागे त्रिकास्थीच्या बाजूला दुखलं तर तिथला सांधा, असा अंदाज बांधता येतो. रुग्ण कसा दाखवतो तेही पाहा. खुब्याचं दुखणं असलेला माणूस बरेचदा अंगठा मागे आणि बोटं पुढे ठेवून कमरेखालचा भाग मुठीत धरतो.

एका रुग्णाबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की धर्माबादपासून उदगीरपर्यंत पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. आधी सराव नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत अंतर एकदम वाढवलेलं. अशा मुलाला पळताना जांघेत दुखू लागलं, पुढे चालतानाही दुखू लागलं, तर मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर गेली असेल असंच आधी धरा. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष येऊ शकतो. त्याला एका पायावर उड्या मारायला लावू नका. पळणं त्याच दिवशी थांबवा, कुबडी द्या आणि एमआरआयला पाठवा. नांदेडच्या प्रवासाचं सार्थक इथे होतं. चीर सरकली तर हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि भरतीचं स्वप्न तर जातंच, पण वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा खुबाही जातो.

किनवट-माहूरकडच्या तरुणाचा खुबा दुखत असेल तर सिकलसेलचं विचारा, कारण त्यात हाडाचं डोकं रक्ताअभावी मरतं. स्टेरॉइड आणि दारू यांचीही चौकशी करा. बारा-तेरा वर्षांचं मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलं, की खुबा पाहिल्याशिवाय सोडू नका. रात्रीचा ताप आणि घटतं वजन असेल तर क्षयाचा विचार करा. नांदेड-लातूर हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतात, तेव्हा जांघेतल्या गाठी आणि अंडवृद्धीही तपासा.

इम्पिंजमेंट ठरलं म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असंही नाही. ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांवर झालेला फॅशन अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्यांना वर्षभरात जास्त आराम पडला, पण फिजिओथेरपी घेतलेलेही सुधारले. देठ खुडणाऱ्या बाईला उंच पाट आणि स्नायूंचा व्यायाम यांनी किती फरक पडतो, हे आधी पाहण्यासारखं आहे.

खुब्याचं काम मोजायला १९६९ पासून वापरात असलेला हॅरिस स्कोअर खुर्चीवर बसणं विचारतो, जिने विचारतो, बूट-मोजे विचारतो. जमिनीवर बसण्याचा प्रश्न त्यात नाही. या पुस्तिकेतल्या तपासणीपत्रात म्हणून चार ओळी जास्तीच्या आहेत: मांडी किती वेळ घालता येते, उकिडवं बसता येतं का, जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का, आणि शेतात वाकून काम करताना कळ कधी येते. प्रत्येक रुग्णाच्या त्या ओळी भरा, आणि ९० अंशांत खुबा आत किती अंश फिरतो तो आकडा दोन्ही बाजूंचा लिहा.