खरी प्रार्थना कुठली? माझ्या स्वयंपाकघरातला चारशे वर्षांचा इतिहास

आजचा भाग किल्ल्यापासून किंवा लढाईपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो रात्रीच्या साडेआठ वाजता, सोलापुरातल्या आमच्या घरात.

जेवणं उरकलीयेत. धाकटा चार वर्षांचा आहे, तो ताटाला चिकटलेली शेंगाची चटणी बोटानं चाटतोय. थोरली आठ वर्षांची. यंदा तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा कॅथलिकांकडे मुलं साधारण या वयात मिस्सामध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात, आणि त्याआधी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात. तिथे प्रार्थना पाठ करायच्या असतात, प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. घरात तर सध्या परीक्षेसारखंच वातावरण आहे.

तर, आम्ही जपमाळ म्हणायला बसलो. सासूबाईंनी कोंकणीत सुरुवात केली. मी मराठीत म्हटलं. थोरलीनं इंग्रजीत, कारण तिची शाळा इंग्रजी आणि वर्गही इंग्रजी. धाकटा फक्त ‘आमेन’ म्हणतो, तेही भलत्याच ठिकाणी. मधेच थोरली थांबली आणि म्हणाली, “आई, यातली खरी प्रार्थना कुठली? माझी ना? तुमची तर गावाकडची आहे.”

मी म्हटलं, “झोप आता.” आई लोकांचं हे ठरलेलं उत्तर आहे. पण ‘गावाकडची’ हा शब्द काही डोक्यातून जाईना. आजचा भाग म्हणजे तिला त्या रात्री जे सांगता आलं नाही ते.

एका घरात तीन भाषा कशा आल्या?

आमच्या घरात दोन वाटा येऊन मिळाल्यात. माझ्या नवऱ्याचे आजोबा गोव्याचे. रेल्वेच्या नोकरीसाठी सोलापुरात आले आणि इथलेच झाले. सोलापूरपर्यंत रेल्वे आली १८६० मध्ये, आणि तिच्याबरोबर देशभरातून नोकरदार माणसं आली. मी मात्र राहुरीकडची, अहमदनगर जिल्ह्यातली, आताचं अहिल्यानगर. म्हणजे सासर गोव्याच्या वळणाचं आणि माहेर नगरी. नाताळात सासूबाई नेवऱ्या करतात, मी करंज्या करते. पदार्थ एकच, पण नावावरून दरवर्षी वाद होतोच.

आणि हे सगळं सोलापुरात! इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड ऐकू येतं. इथं कुणाला आम्ही ख्रिस्ती आहोत असं सांगितलं, की पुढचा प्रश्न येतो, “म्हणजे मिशनवाले का?” बहुतेकांच्या मनात तेव्हा अमेरिकन मराठी मिशन असतं. ते प्रोटेस्टंट. एकोणिसाव्या शतकात ते सोलापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान मुलांसाठी किंडरगार्टनसुद्धा चालवलं. त्यांचा इतिहास मोठाच आहे. पण आमची गोष्ट वेगळी आहे. आमचं सोलापूर पुण्याच्या कॅथलिक धर्मप्रांतात येतं, आणि सासूबाईंच्या जपमाळेचा धागा त्याच्याही खूप मागे, थेट सोळाव्या शतकातल्या गोव्यापर्यंत जातो.

जुनी पुराणं गेली, मग वाचायचं काय?

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो इथेच राहिला आणि बराचसा काळ सासष्टीत. तेव्हाची सासष्टी म्हणजे काय, हे आधी बघू. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली होती. धर्मांतरं झाली होती, त्यातली कित्येक दबावाखाली. हे बाजूला ठेवून पुढची गोष्ट सांगणं मला पटत नाही. कॅथलिक असूनही नाही, किंबहुना कॅथलिक आहे म्हणूनच नाही.

तर या नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक साधी अडचण होती. त्यांची जुनी पुराणं काढून घेतली होती. मग संध्याकाळी बसून ऐकायचं काय? वाचायचं काय? स्टीफन्सनं ही मागणी आपल्या ग्रंथातच नोंदवली आहे, आणि तिला उत्तर म्हणून त्यानं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते मराठीत आहे, ओवीत आहे, आणि त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. १६१६ मध्ये ते सासष्टीतल्या रायतूरला, आजच्या राशोलला, रोमन लिपीत छापलं गेलं, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते.

ओवी म्हणजे काय, हे तुम्हाला शाळेत ज्ञानेश्वरीमुळे माहीत असेल. पण ओवी जात्यावरचीही असते. दळताना, मूल झोपवताना, लग्नात हळद लावताना बायका म्हणतात तीही ओवीच. म्हणजे या परदेशी माणसानं आपली सगळ्यात मोठी गोष्ट सांगायला जी चाल निवडली, ती इथल्या आयांच्या तोंडात आधीपासून होती.

आता माझ्या मुलीच्या कामाची गोष्ट. स्टीफन्सचं आणखी एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापलं गेलं. ते कोंकणीत आहे, प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, आणि त्याच्या लांबलचक नावातच म्हटलंय की हे मुलांना शिकवण्यासाठी आहे. विचार करा! थोरलीच्या हातात आज जे प्रश्नोत्तरांचं पुस्तक आहे, त्याचं चारशे वर्षांपूर्वीचं भावंड कोंकणीत होतं. म्हणजे सासूबाई म्हणतात ती ‘गावाकडची’ प्रार्थना छापील पुस्तकात आली, तेव्हा सोलापूर आदिलशाही आणि निजामशाहीच्या भांडणात अडकलेलं होतं.

हुकूम थेट चुलीपर्यंत

मग वारं फिरलं. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द ताव्होरानं फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागायचं. हा तोच व्हाइसरॉय, ज्याच्यावर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चाल केली होती. तुम्ही त्याचं नाव लढाईच्या गोष्टीत ऐकलं असेल. पण त्याची दुसरी लढाई लोकांच्या जिभेशी होती.

त्याच्याही पुढचा हुकूम १७३६ चा, गोव्याच्या इन्क्विझिशनचा. इन्क्विझिशन म्हणजे धर्माच्या बाबतीत चौकशी आणि शिक्षा करणारं न्यायालय. ते गोव्यात १५६० मध्ये आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. या हुकमात ख्रिस्ती घरांत काय काय करायचं नाही याची यादी होती. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा हातातलं लाटणं खाली ठेवलं. दारात तुळस लावायची नाही. एकादशीचा उपास करायचा नाही. लग्नात हळद लावायची नाही. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात.

कळतंय का? एवढं मोठं न्यायालय बायकांच्या भाताच्या टोपात डोकावत होतं, मीठ घातलंय की नाही बघायला! आपण इतिहासात शिकतो की सत्ता किल्ल्यांवर असते. पण त्या सत्तेला पक्कं माहीत होतं की माणूस घडतो तो चुलीजवळ, आईच्या हाताखाली. आणि आणखी एक गोष्ट बघा. १६१६ मध्ये ज्या ओवीत ख्रिस्ताची गोष्ट छापली गेली, तीच ओवी बरोबर १२० वर्षांनी बायकांच्या तोंडी गुन्हा ठरली.

मग झालं काय? कोंकणी मेली का? नाही. आमच्या सासूबाई रोज रात्री साडेआठला त्याचा पुरावा देतात. ख्रिस्तपुराणाच्या त्या पहिल्या छापील प्रती आज हाती नाहीत, पण लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापलं गेलं. लग्नातल्या ओव्याही पूर्ण पुसल्या गेल्या नाहीत. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवरीला नारळाचा रस लावतात, तेव्हा बायका आजही गातात. इकडे वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, तरी तिथल्या कॅथलिकांच्या घरात सामवेदी आणि वाडवळी टिकली.

यात शौर्याच्या गोष्टी शोधू नका. मला वाटतं, घडलं ते फार साधं होतं. रात्री मूल रडत उठलं की आई त्याला फर्मानाच्या भाषेत गप्प करत नाही. ती आपल्या आईच्या भाषेत करते. झोपाळलेल्या मुलाला प्रार्थनाही त्याच भाषेत शिकवते.

माझ्या आजीची मालमत्ता

आता माझ्या माहेराकडे या. नगर जिल्ह्यातले कॅथलिक बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळापासूनचे. तिथे आलेले जेझुइट पाद्री जर्मन आणि स्विस. त्यांच्याकडे गेलेली माणसं बहुतांशी गावकुसाबाहेरची, ज्यांना देवळात पाऊल ठेवायची बंदी होती. राहुरीजवळच्या केंदळ गावात फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ नावाचं मराठी मासिक सुरू केलं. निरोप्या म्हणजे निरोप आणणारा. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना अक्षरओळख नाकारली होती, त्यांच्या घरात महिन्याला मराठी छापील पानं यायला लागली. हे डोरिंग पुढे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. मग पहिलं महायुद्ध आलं, ब्रिटिशांनी जर्मन पाद्र्यांना इथून हलवलं. डोरिंग १९२१ मध्ये कुठे नेमले गेले माहितीये? जपानला, हिरोशिमात! १९२७ मध्ये परत पुण्याचे बिशप झाले.

पण चर्चमधली मिस्सा मात्र तेव्हा लॅटिनमध्येच होती. माझी आजी सांगायची, “फादर त्याचं म्हणायचा, आम्ही आमचं म्हणायचो.” म्हणजे वेदीवर लॅटिन चाललंय आणि बाया मागे जमिनीवर बसून मराठीत जपमाळ ओढतायत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण प्रार्थना मात्र तिला सगळ्या पाठ. शेती नाही, सोनं नाही, स्वतःच्या नावावर होतं ते एवढंच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेतल्या मिस्सेचं दार उघडलं. मराठी वेदीपर्यंत पोचली, तबला-पेटीसकट. आजी म्हणायची, “आता फादरला पण आमचं यायला लागलं.” (इथे मला दरवेळी हसू येतं.)

आणि आमच्याकडची हरेगावची यात्रा! श्रीरामपूरजवळ, सप्टेंबरात, १९४९ पासून भरते. तिथे मरियेला काय म्हणतात? मतमाउली. ‘माउली’ हा शब्द कुठून आला, ते सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको, पंढरपूर आपल्याकडेच आहे. जानेवारी २०२० मध्ये इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, उस्मानाबादला, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’ लिहिणारे. आजी तेव्हा नव्हती. असती तर टीव्हीसमोरून उठली नसती.

आता बंदी कोणाचीच नाही

मंडळी, माझी अडचण इथे सुरू होते. १६८४ मध्ये व्हाइसरॉयला जे जमलं नाही, १७३६ मध्ये इन्क्विझिशनला जे जमलं नाही, ते माझ्या घरात माझ्या हातून होतंय. कोणाचं फर्मान नाही. मीच इंग्रजी शाळा निवडली, मीच म्हटलं वर्गातलं इंग्रजी आधी पाठ कर. आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही. तिला इंग्रजी यायलाच हवं. माझ्या आजीला कोणी इंग्रजी शिकवलं असतं तर तिनं दोन्ही हातांनी घेतलं असतं. पण आठ वर्षांच्या मुलीला आजीची भाषा कमी दर्जाची वाटायला लागली, तर ती मी तिला दिलेली गोष्ट आहे. तिनं ती शाळेतून आणलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मी तिला मिठाच्या भाताची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मग त्या आयांनी ऐकलं का?”

“काहींनी ऐकलं. काहींनी नाही.”

“आणि त्यांना कोणी ओरडलं नाही?”

“ओरडणं सोड, शिक्षा व्हायच्या.”

ती जरा गप्प बसली. मग सासूबाईंकडे जाऊन म्हणाली, “आजी, तुझ्यावाली परत म्हण. हळू.”

आता आमच्याकडे जपमाळेची पाच दशकं वाटून घेतलीयेत. दोन कोंकणीत, दोन मराठीत, एक इंग्रजीत. थोरली कोंकणीत अजून अडखळते, मराठीत शब्द खाते, आणि कंटाळा आला की “आज सगळं इंग्लिशमध्ये करू ना” म्हणते. कधी कधी मीही दमलेली असते, आणि हो म्हणते. ती परत कधी ‘खरी कुठली’ विचारेल, तेव्हा माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर अजून नाही.

पण एक काम मी केलं. सासूबाईंची प्रार्थना मोबाईलवर रेकॉर्ड केली. त्या मोबाईलच्या इतक्या जवळ तोंड नेऊन, इतक्या सावकाश बोलल्या, जणू तो बहिरा आहे. शेवटी धाकट्याचं ‘आमेन’ आहे, पहिल्यांदाच बरोबर जागी.

तुमच्या घरात कुठलाही धर्म असो, आजीची एखादी ओवी, आरती, दुआ, अंगाई असेलच. फोन तर आत्ता तुमच्या हातातच आहे. हा भाग संपला की आजीजवळ जाऊन बसा आणि रेकॉर्डचं बटण दाबा.

भेटू पुढच्या भागात.