लाकडाला पाजलेले तेल

नाशिकच्या सराफ बाजारात गोदावरीच्या काठाजवळ पेशवेकालीन सरकारवाडा उभा आहे. जिल्ह्यातच चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. दोन्ही वास्तू अठराव्या शतकातल्या. तेथील सागवानी खांब आणि तुळया पाहताना विद्यार्थी हमखास विचारतात, हे लाकूड इतकी वर्षे टिकले कसे? पहिले श्रेय सागाचेच. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. दुसरे श्रेय छपराचे व देखभालीचे. आपल्याकडे लाकडाच्या देखभालीला एक नेमका शब्दप्रयोग आहे: लाकडाला तेल पाजणे.

पण पाजायचे कोणते? आमच्या घरच्या झोपाळ्याच्या पाटाला आम्ही एकदा स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे तेल चोळले. पाट दोन दिवस छान चमकला. महिन्याभरात मात्र त्यावर धूळ बसली, कपड्यांना डाग पडू लागले आणि खवट वास येऊ लागला. सुताराने पाट पुसून, घासून त्यावर बेलतेल लावले. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळते ते जवसाचेच, म्हणजे अळशीचेच, प्रक्रिया केलेले तेल. दोन-तीन दिवसांत पाट हाताला कोरडा लागू लागला. दोन्ही तेले बियांचीच. मग एक ओले राहते आणि दुसरे सुकते, असे का?

सुकणे म्हणजे उडून जाणे नव्हे

ओला कपडा सुकतो तेव्हा पाणी उडून जाते. तेलाचेही तसेच होत असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तराजू वेगळेच सांगतो. जवसाच्या तेलाचा पातळ थर सुकत असताना त्याचे वजन कमी न होता वाढते. ही वाढ शेकडा दहापेक्षाही जास्त होऊ शकते. तेल हवेतून काहीतरी घेते, हे उघड आहे.

हे 'काहीतरी' कसे घेतले जाते, याचे मोजमाप जिनिव्हाच्या निकोला-थिओडोर द सोस्यूर यांनी 1820 च्या सुमारास केले. त्यांनी अक्रोडाच्या तेलाचा थर बंद नळीत ठेवला. आठ महिन्यांत त्याने स्वतःच्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट वायू शोषला. पुढच्या अवघ्या दहा दिवसांत मात्र साठपट शोषला! आधी दीर्घ शांतता आणि मग एकदम घाई, हे एका कडीतून दुसरी कडी निघणाऱ्या शृंखला-अभिक्रियेचे लक्षण आहे. तिचे स्वरूप पुढे विसाव्या शतकात उलगडले.

तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. काही साखळ्यांमध्ये कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या जागी ऑक्सिजनला सहज शिरकाव मिळतो. तेथून शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि द्रवाचे जाळे, म्हणजे बहुवारिक, बनते. जवसाच्या तेलातील निम्म्याच्या आसपास मेदाम्ल लिनोलेनिक असते आणि त्यात असे तीन दुहेरी बंध असतात. शेंगदाण्यातील मुख्य मेदाम्लात एकच बंध असतो. नारळाच्या तेलात तर बहुतेक साखळ्या संपृक्त असतात.

1884 मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्थर फोन ह्यूबल यांनी हे बंध मोजण्याची सोपी रीत दिली. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरून ठेवते, ते त्याचे आयोडीन मूल्य. नारळाचे साधारण 6 ते 11, शेंगदाण्याचे 85 ते 105, तिळाचे 105 ते 120, करडईचे 140 ते 150 आणि जवसाचे 170 ते 200. आकडा जितका मोठा, तितके तेल सुकायला तयार. कारागिरांच्या हातांना हा क्रम फार पूर्वीच कळला होता. अफगाणिस्तानातील बामियानच्या लेण्यांमधल्या सातव्या शतकाच्या आसपासच्या चित्रांतही अशी सुकणारी तेले वापरली होती, असे 2008 मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात दिसून आले.

जवसाचा प्रवास

एकोणिसाव्या शतकात या गुणाला जगाच्या बाजारात मोल आले. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी घट्ट झालेल्या जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचे लिनोलियम बनवले आणि 1860 च्या दशकात त्याचे पेटंट घेतले. रंग आणि व्हार्निशलाही हेच तेल लागे. 1865 मध्ये कसारा-इगतपुरी रेल्वेमार्ग खुला झाला आणि नाशिककडचा माल घाट उतरून थेट मुंबई बंदराला पोहोचू लागला. हिंदुस्थान त्या काळी जवसाचा एक मोठा पुरवठादार होता.

तेल लवकर सुकावे म्हणून ते मुरदाडशिंगीबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर, उकळण्याची जुनी रीत होती. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. भारतात 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत 90 भाग अशी मर्यादा घातली. आजच्या तयार बेलतेलात सहसा कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे असतात. म्हणून पोळपाट-लाटणे किंवा खेळणी यांना बेलतेल लावू नये. त्यासाठी घाण्याचे कच्चे जवसाचे तेल घ्यावे आणि सुकायला काही आठवडे द्यावेत. 'टीक ऑइल' नावाचा डबाही पारखून घ्यावा. ते सागाचे तेल नसते. बहुधा जवसासारखे एखादे सुकणारे तेल आणि विरलक यांचे ते मिश्रण असते.

हात, हवा आणि फडके

लाकूड आधी रेषांच्या दिशेने घासून धूळ पुसावी. तेल फडक्याने पातळ लावावे, अर्ध्या तासाने न मुरलेले तेल पुसून काढावे आणि एक-दोन दिवसांनी पुढचा हात द्यावा. जाड थर वरून सुकतो, आत ओलाच राहतो. नव्या सागावर तेल उशिरा सुकते, कारण त्याला टिकवणारी द्रव्येच ऑक्सिजनची साखळी तोडतात. तेव्हा तो आधी टर्पेंटाइनने पुसून घ्यावा. पावसाळ्यात हे काम काढू नये, दसऱ्यानंतरची कोरडी हवा उत्तम.

सर्वांत महत्त्वाचे फडके. ऑक्सिजन शोषताना उष्णता निर्माण होते. पाटावर ती हवेत निघून जाते, पण चुरगळलेल्या फडक्यात साठत जाते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. 23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियातील 38 मजली इमारतीला अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान मरण पावले. फडके उघड्यावर पसरून पूर्ण सुकवावे किंवा पाण्यात भिजवून ठेवावे.

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग करता येईल. चार काचपट्ट्या घ्याव्यात. त्यांवर नारळ, शेंगदाणा, करडई आणि कच्चे जवस यांचा अगदी पातळ थर द्यावा आणि त्या धूळ न बसेल अशा उजेडात ठेवाव्यात. दर आठवड्याला बोट लावून पाहावे आणि संवेदनक्षम तराजू असल्यास वजन करावे. आयोडीन मूल्यांचा तक्ता मुलांना शेवटी दाखवावा.

मग सहलीला जाऊन वाड्यांच्या खांबांनाही बेलतेल पाजावे का? नाही. द्रवाचे जाळे बनण्याची ही क्रिया उलट फिरत नाही. एकदा घट्ट झालेले तेल साध्या विरलकात परत विरघळत नाही. काळाबरोबर ते काळवंडते आणि कोरीव कामाच्या खोबणीत धूळ धरून ठेवते. घरच्या झोपाळ्याचा पाट घासून पुन्हा नवा करता येतो, रंगमहालाचा कोरीव खांब घासता येत नाही. तेथील काम संवर्धनतज्ज्ञांवरच सोपवावे. आपण पाहायचे ते छपराची गळती आणि भिंतीची ओल. ती दिसली तर वेळेवर कळवावी.