वेंगुर्ला बंदर : उत्कर्ष आणि ओहोटी

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले, तेव्हा घाटाखाली वेंगुर्ल्यास डचांची वखार नांदत होती. ती १६३७ मध्ये स्थापन झाली होती. १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाने हे बंदर इंग्रजांच्या स्वाधीन केले. पुढे आंबोली घाटाने बेळगावकडील माल येथे उतरू लागला व बंदर भरभराटीस आले. मात्र १८८८ मध्ये मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि व्यापार तिकडे वळला.

वैभव अनित्य आहे, हेच बारा भावनांतील पहिली भावना सांगते. वखारी ओस पडतात. सचोटीचा व्यवहार आणि निरपेक्ष दान यांचे पुण्य मात्र टिकते. सुवर्णमहोत्सवी वर्षात श्रावक-श्राविकांनी हा बोध मनी धरावा.